दगड चाटणारे गुलाबराव

आमच्या सिंदी रेल्वे गावात दगड चाटून त्याची जात सांगणारा एकच महाभाग आहे, आणि तो नेमका माझ्याच भिंतीला भिंत लावून राहतो. गुलाबराव. बायको वारली, मुलं पुण्याला गेली, गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान विकून झालं. अशा माणसाने देवळात बसावं, पेपर वाचावा. हे नाल्यात जाऊन दगड चाटू लागले. "ओला केल्याबिगर दगड बोलत नाई, मास्तर," हे वर मलाच शिकवणार!

यंदा उन्हाळ्यात त्यांना भोपळ्याएवढा दगड सापडला. हातगाडीवरून घरी आणला, जीभ लावली आणि निकाल दिला, "अकीक हाय!" मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं. ती साधी गारगोटी होती. तसं सांगितलं, तर म्हणतात, "तुमी चाटून पाह्यली का?"

अंगठीत बसवतात त्या अकिकाला म्हणे घोळवून चमक येते. झालं! अंगणात तेलाचा ड्रम आडवा टाकला, त्याला मोटरीचा पट्टा जोडला. आत तो दगड, गिट्टी, रेती आणि पाणी. सकाळपासून गडगडाट सुरू. आपटून दगड फुटू नये म्हणून आत काहीतरी भर हवी. जन्मभर सरकी विकलेल्या डोक्यातून दुसरं काय निघणार? पोतंभर सरकी ओतली. उन्हाने ती आंबली, झाकण उडालं आणि सगळी घाण आमच्या वाळत घातलेल्या कुरड्यांवर. वासाने गल्लीतल्या म्हशी दारात गोळा झाल्या. माझ्या बायकोने रडायचं तेवढं बाकी ठेवलं.

रोज कोणी ना कोणी भांडायला जायचं. हा निगरगट्ट माणूस खुर्ची पुढे करायचा. "बसा ना भाऊ. चाहा मांडून राह्यलो. पिऊन घ्या, मंग बोला." शिव्या द्यायला गेलेली माणसं बिस्किटं खाऊन परत यायची.

शेवटी परवा मीच गेलो. चहाला नाही म्हटलं आणि ड्रम उघडायला लावला. दगड बाहेर निघाला. गारगोटीच, पण काय तुकतुकीत झाली होती! गुलाबरावांनी चाटून पाहिली आणि मान हलवली. "कच्चा हाय. आनखी लागन."

"गुलाबराव, काऊन खोटं बोलून राह्यले? झाला ना तो!"

ते दगड धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "झाला मनलं तं ड्रम बंद करा लागन, मास्तर. मंग भांडाले तरी कोन येईन?"

मला भयंकर राग आला. कोणाचा, ते कळेना. मी खुर्ची ओढली, चहा मागितला, सगळा प्यायलो. निघताना गल्लीला ऐकू जाईल असा दम भरला, "उद्या ड्रम वाजला तं मी पुन्हा येईन, सांगून ठेवतो!"