सांधा दिसता कामा नये

कोणत्याही थोर संगीतकृतीत एकच दोष असतो, तो म्हणजे तिची लांबी. स्वर, ताल, भाव वगैरे बाकीच्या गोष्टी सहसा ठीक असतात. ज्यांनी या कृती रचल्या ती माणसं थोर होती यात शंका नाही, पण त्यांना कोणी वेळेवर घड्याळ दाखवलं नव्हतं, आणि फुटबॉलचं मैदान तर नाहीच नाही. हा दोष दूर करण्याचं काम अमेरिकेत काही निष्ठावंत माणसं वर्षानुवर्षं गाजावाजा न करता करत आली आहेत. आयोवातल्या 'प्रेअरी हेराल्ड्स' या पथकाचा व्हर्लिन हासकँप हा त्यांच्यातला अग्रगण्य.

पथक म्हणजे दीडशे तरुण मुलंमुली. पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडे घेऊन ती उन्हाळाभर बसने गावोगाव हिंडतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, भर दुपारी पार्किंगच्या तापल्या डांबरावर सराव करतात आणि संध्याकाळी स्टेडियममध्ये बारा मिनिटांचा कार्यक्रम करतात. वाजवताना त्यांना सतत चालावं आणि पळावं लागतं, कारण एका जागी उभं राहून काय, कोणीही वाजवेल. बारा मिनिटांत जे बसत नाही ते मुळात लिहायलाच नको होतं, असं या क्षेत्रात नम्रपणे मानलं जातं.

व्हर्लिनचा हात विशेष हलका. मृतांसाठीची दीड तासाची प्रार्थना त्याने दोन मिनिटांवर आणली होती (मृतांना शांती मिळाली, फक्त जरा लवकर मिळाली). एका ऑपेराची नायिका त्याच्या हाताखाली ढोलांच्या एकाच फेरीत प्रेमात पडली, फसली आणि क्षयाने गेली, तरी टाळ्यांसाठी वेळ उरला. समुद्रावरच्या एका लांबलचक रचनेतून त्याने लाट तेवढी ठेवली आणि समुद्र काढून टाकला. या कारागिरीत सर्वोच्च प्रशंसा एकच असते: सांधा दिसला नाही. म्हणजे काय कापलं हे कळणं सोडाच, काही कापलंय याची कोणाला कुणकुणही लागता कामा नये.

या वर्षी पथकाची प्रमुख डोरीन प्रुइट हिने एमेट कॅल्डोरची सिम्फनी निवडली. कॅल्डोर शेजारच्याच गावचा. जन्मभर शाळेत संगीत शिकवलं, एक पाऊण तासाची सिम्फनी लिहिली आणि काही वर्षांपूर्वी वारला. परवानगी त्याच्या पत्नीने द्यायची होती, म्हणून व्हर्लिन त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसला. मिसेस कॅल्डोरनी त्याच्यापुढे दालचिनीचा केक ठेवला.

"कापा हवं तेवढं," त्या म्हणाल्या. "एमेटला कुठे थांबावं ते कधी कळलंच नाही. जेवायला हाक मारली की 'आलोच' म्हणायचा आणि इकडे सूप गार. पण मधली ती हळू धून आहे ना, तिला तेवढा हात लावू नका. ती आमच्या लेकीची आहे."

"ती अख्खी राहील."

"शब्द देताय?"

"शब्द देतो, मिसेस कॅल्डोर."

मग त्या लेकीविषयी बराच वेळ बोलत राहिल्या. (इथे एक परिच्छेद होता. चांगला होता, पण गोष्टीचा वेग मंदावत होता म्हणून काढला.) निघताना त्यांनी उरलेला केक कागदात बांधून दिला. गाडीत बसल्यावर व्हर्लिनने ती धून गुणगुणून पाहिली आणि किल्ली फिरवायची विसरून पुन्हा पहिल्यापासून गुणगुणली. एवढ्या वर्षांच्या सेवेत हा प्रकार प्रथमच घडत होता, त्यामुळे तो थोडा घाबरलाही.

हिवाळ्यात बैठका सुरू झाल्या. संगीत आधी की चालणं आधी, हा प्रश्न पूर्वी लोकांना पडत असे. आता पडत नाही. मैदानावर कोणी कुठून कुठे जायचं हे ठरवणाऱ्या ट्रेंट लिंडक्विस्टला पोरांच्या वर्तुळाचा बाण करायचा होता, आणि बाण व्हायला जितका वेळ लागतो तितकंच संगीत त्या जागी ठेवण्यात आलं. सिम्फनीचा पहिला भाग गेला, कारण तो ऐकून कोणाला पळावंसं वाटत नव्हतं. तिसऱ्या भागाच्या जागी ढोल आले, कारण मुलींना झेंडे बदलायला वेळ हवा होता. शेवट मात्र सगळ्यांना इतका आवडला की तो तीनदा घेण्यात आला. त्यातला एक अगदी सुरुवातीला होता.

"आणि हे मध्ये हळू काय चाललंय?" ट्रेंटने विचारलं.

"ते राहणार," व्हर्लिन म्हणाला.

"राहू दे की बाबा, माझं काय जातंय! पण पोरं तेव्हा करणार काय?"

"उभी राहतील. एक मुलगी एकटी ट्रम्पेट वाजवेल आणि बाकीचे ऐकतील."

डोरीनने वहीतून मान वर केली.

"ऐकतील?" डोरीन म्हणाली. "अरे, लोक तिकीट काढून येतात. ऐकतच बसायचं असतं तर घरी काय वाईट होतं?"

व्हर्लिन आयुष्यात पहिल्यांदाच टेबलावर मूठ आपटून बोलला. त्याची कॉफी सांडली आणि धून राहिली.

जूनमधल्या पहिल्या स्पर्धेत ती अख्खी वाजली. दीडशे पोरं मैदानावर काहीही न करता उभी आहेत, हे दृश्य त्या स्टेडियमने यापूर्वी फक्त राष्ट्रगीताच्या वेळी पाहिलं होतं. काही प्रेक्षकांनी तर सवयीने टोप्या काढल्या.

इथे परीक्षणाची रीत सांगायला हवी. परीक्षक नुसते गुण देत नाही. तो हातात रेकॉर्डर धरून पथकाच्या आजूबाजूने फिरतो आणि कार्यक्रम चालू असताना अखंड बोलत राहतो. ते बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी पथकातली मोठी माणसं दूध-सीरिअल खाता खाता श्रद्धेने ऐकतात आणि त्याप्रमाणे कार्यक्रम बदलतात. असं उन्हाळाभर चालतं. (इतर कलांमध्ये मूळ रचनाकाराचं मत विचारतात म्हणे. पण मग सुधारणा कशी व्हायची?)

त्या दिवशीचे परीक्षक ऑरिन बीझली हे या क्षेत्रातलं जुनं खोड. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कँटीनमध्ये त्यांचा रेकॉर्डरवरचा आवाज घुमू लागला: "ट्युबा मस्त, ट्युबा मस्त, डावी ओळ वाकडी, अगं सरळ बघ, सरळ, ढोल घाई करतायत, टोपी पडली, पडू दे, शाब्बास..." आणि मग काहीच नाही. दूरवर ट्रम्पेटची धून ऐकू येत होती आणि मधूनच वारा. एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. धून संपली, तरी क्षणभर शांतताच होती. मग बीझली खाकरले आणि म्हणाले, "हं. बरं. ढोल."

"एवढा वेळ एक शब्द नाही?" डोरीनचा चमचा हवेतच राहिला. "झोपला की काय हा माणूस?"

"नाक ओढतोय बघ," ट्रेंट म्हणाला. "सर्दी झालीय. उभ्या-उभ्या कंटाळून गारठला असेल."

"जूनमध्ये?" व्हर्लिन म्हणाला. "मला वाटतं, तो ऐकत होता."

"परीक्षक आहे तो, व्हर्लिन! ऐकायला नाही येत, गुण द्यायला येतो. बोलण्यासारखं काही नाही, म्हणजे तिथे काही नाही."

तर्क बिनतोड होता. धून निम्मी झाली. पुढच्या गावातल्या परीक्षकाने उरलेल्या निम्मीत एक वाक्य उच्चारलं ("पलीकडे कोण जांभई देतंय?"), आणि गुण वाढले. मग आणखी कापली, गुण आणखी वाढले. ट्रेंटने त्याचा आलेखच काढून बसच्या दारावर लावला. त्यावरून असं सिद्ध होत होतं की धून जितकी आखूड तितके गुण जास्त. (दरम्यान पोरांना कार्यक्रम पाठ झाला होता, ही बाब आलेखात धरलेली नाही.) या हिशोबाने एमेट कॅल्डोर जन्मालाच आला नसता तर पथक पहिलं आलं असतं, पण नियमांत तशी तरतूद नव्हती.

प्रत्येक वेळी कात्री व्हर्लिनच्याच हाती होती. दुसऱ्या कोणी कापली तर सांधा दिसेल, अशी त्याची प्रामाणिक भीती होती. प्रत्येक वेळी त्याला व्हरांडा आठवत असे आणि तो मनाशी म्हणे, अजून बरीच शिल्लक आहे. ऑगस्ट उजाडेपर्यंत धुनेचा पहिला स्वर शिल्लक होता. तो लांब होता आणि सुरेल होता. नेमक्या त्याच स्वरावर चाळीस झेंडे एकदम हवेत उडत.

अंतिम फेरीला मिसेस कॅल्डोर बसायला घरून उशी घेऊन आल्या होत्या. व्हर्लिननेच त्यांना मधोमध जागा मिळवून दिली होती, आणि आता तो मुद्दाम चार रांगा मागे बसला होता. शेवट झाला, बाण झाला, ढोल झाले. मग तो एक स्वर लागला, झेंडे उडाले, आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत उठलं. उशीवर बसलेली पांढऱ्या केसांची पाठमोरी आकृती उठली की नाही, हे व्हर्लिनला पुढच्या गर्दीत दिसलं नाही. पथक तिसरं आलं. इतकं वर ते पूर्वी कधी आलं नव्हतं.

पार्किंगमध्ये पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती, डोरीन रडत होती आणि ट्रेंट तिला आलेख दाखवत होता. तेवढ्यात हातात सँडविच घेतलेले बीझली व्हर्लिनसमोर येऊन उभे राहिले.

"आज मी परीक्षक नाही हं," ते म्हणाले. "तिकीट काढून आलोय. ती धून ऐकायला. जूनमध्ये माझ्या तोंडून शब्द फुटेना, लेका! एवढी वर्षं बडबडतोय, असं कधी झालं नव्हतं. बायकोला फोन करून सांगितलं मी. आज कुठे गेली ती?"

"बारा मिनिटांत बसेना," व्हर्लिन म्हणाला.

"असं?" बीझलींनी सँडविचकडे पाहिलं. "शेवट बरा तीनदा बसला."

ते निघून गेले. व्हर्लिनला इतकी लाज वाटली की बसमध्ये जाऊन दार लावून घ्यावं असं त्याच्या मनात आलं. पण मिसेस कॅल्डोर उशी बगलेत धरून त्याच्याकडेच येत होत्या, आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"काय हो पोरं तुमची! अंगावर काटा आला. आणि ते झेंडे! मी सुद्धा उठून टाळ्या वाजवल्या, या वयात!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण तेवढ्या गडबडीत माझी धून निसटली बघा. मी आपली टाळ्याच वाजवत बसले. माझंच चुकलं. वाजली ना नीट?"

खरं सांगायला हीच वेळ होती, आणि ते व्हर्लिनलाही कळत होतं.

"छान वाजली," तो म्हणाला. "अख्खी."

"एमेट खूश झाला असता," असं म्हणून त्यांनी त्याच्या गालावर हात फिरवला आणि त्या आपल्या गाडीकडे गेल्या. ज्या एका माणसाला सांधा दिसायला हवा होता, त्यालाही तो दिसला नव्हता. कारागिरीचा याहून मोठा गौरव असू शकत नाही. व्हर्लिन मात्र बसच्या पायरीवर बसून राहिला, आणि त्या धुनेचा दुसरा स्वर कोणता होता ते आठवू लागला. तो काही केल्या आठवेना.

वाचकांनी व्हर्लिनला नावं ठेवण्याआधी एक खुलासा. मिसेस कॅल्डोर व्हरांड्यात आपल्या लेकीविषयी जे बोलल्या तो परिच्छेद आम्ही सुरुवातीलाच काढला, आणि काढल्याचं तुम्हाला तिथेच सांगितलं. त्या मुलीचं नाव त्यात होतं. ती किती वर्षांची झाली आणि तिला काय झालं, तेही होतं. तुम्ही ती ओळ वाचलीत, पुढे सरकलात, दोन-तीनदा हसलात आणि इथवर पोहोचलात. तिचं नाव काय, असं तुम्ही वाटेत एकदाही विचारलं नाहीत.