दिलेरचा पोळा

दिलेर नावाच्या कुत्र्याला पोळ्याच्या दिवशी गाडीला जुंपावं की जुंपू नये, हा प्रश्न हसनाबादच्या मारुतीच्या देवळात निघाला, आणि धर्मराज मास्तरांच्या लग्नाला खरा धोका तिथून सुरू झाला.

दिलेर हसनाबादचा नव्हता. तो पार उत्तरेकडच्या, बारमाही बर्फाच्या मुलखातला, आणि तोही पुस्तकातला होता. बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकाची गाडी ओढायची आणि वाटेत लांडगे आडवे आले तर त्यांच्याशी झुंजायचं, हा त्याचा पेशा. मूळ पुस्तक इंग्रजी. हैदराबादच्या कुणी ते उर्दूत आणताना कुत्र्याचंही नाव बदलून दिलेर ठेवलं होतं. तालुक्याच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेल्या सिराजोद्दीन मुन्शींकडून मास्तरांनी हे पुस्तक वाचायला आणलं, आणि वाचून व्हायच्या आत त्याची पोथी झाली.

त्याचं असं झालं, की चातुर्मासात देवळात पोथी सांगणारे पुंजारामबुवा मध्येच लेकीच्या बाळंतपणासाठी घनसावंगीला गेले, आणि जाताना पोथीच्या पेटीची किल्ली कमरेला लावून गेले. उरलेला चातुर्मास बिनपोथीचा काढणं गावाला बरं दिसेना. रखमाजी पाटलांनी शाळा सुटल्यावर मास्तरांना देवळात बोलावून घेतलं.

"मास्तर, तुमच्यापाशी कोणती पोथी हाय?"

"पोथी नाही, पाटील. एक किस्सा आहे कुत्र्याचा. उर्दूत."

"कुत्र्याचा?" म्हणून कचरू हसला. कचरूचं स्वतःचं रान निम्मं पडीक होतं, त्यामुळे दुसऱ्याच्या कामातलं तण उपटायला त्याला भरपूर सवड असे.

"हसून कामून राह्यला रे?" पाटील म्हणाले. "पांडव हिमालयात गेल्ते तव्हा धर्मराजासंगं शेवटाला कोण राह्यलं? बायको गळाली, भाऊ गळाले. कुत्रंच राह्यलं ना? आन आपले मास्तर बी धर्मराजच. बसा मास्तर. उर्दूतून वाचा, मराठीतून सांगा."

पाटलांचा शब्द खाली पडू देणं मास्तरांना परवडण्यासारखं नव्हतं. पाटलांची लेक नंदा आणि मास्तर यांचं जुळवायचं घाटत होतं. मास्तरांच्या मामांनी होकार कळवला होता, पाटलीणबाई द्वारकाबाई अनुकूल होत्या, नंदा नाही म्हणत नव्हती. पाटील मात्र दोन महिने 'पाहू' या एकाच शब्दावर ठाण मांडून बसले होते. आता ते आपणहून म्हणाले, "पोथी नीट तडीला न्या. दसऱ्याला समाप्ती झाली की मारुतीम्होरंच सुपारी फोडू."

त्या घटकेपासून दिलेर हा मास्तरांच्या लग्नातला मध्यस्थ झाला.

सुरुवात बरी झाली. बर्फ गावात एकट्या कचरूने पाहिला होता, जालन्याच्या ठेसनावर, गोणपाटात गुंडाळलेला. त्यामुळे पहिले काही दिवस त्यालाही मान आला.

"सगळी जिमीनच बर्फाची?" गोजरबाईंनी विचारलं. "मंग पेरतेत कुठं?"

"पेरत नाहीत, मावशी."

"मंग सरकार सारा कशावर लावतं?" पाटलांनी विचारलं.

पुस्तकात याचा खुलासा नव्हता. पण चाकाशिवाय गाडी, गाडीला बैलाऐवजी कुत्री, आणि कुत्र्यांच्या मागावर लांडगे, हे सगळं गावाने हळूहळू पदरात घेतलं. दिलेरचा दिल्या झाला. दिल्या उपाशी राहिला त्या दिवशी पाटलांनी स्वतःच्या कुत्र्याला भाकरी जास्तीची टाकल्याचं लोकांनी पाहिलं.

मग पोळा आला. बैल मिरवून, पुरणपोळी जेवून मंडळी संध्याकाळी देवळात जमली. मास्तरांनी पान उघडलं. पानावर असं होतं, की गोठलेल्या नदीवरचा बर्फ फुटायच्या आत पलीकडे जायचं म्हणून मालकाने दिलेरला आणि बाकीच्या कुत्र्यांना झुंजूमुंजू व्हायच्या आधीच जुंपलं.

"आज?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"म्हणजे गोष्टीत."

"गोष्टीत असलं म्हून काय झालं? पोळ्याच्या दिशी जनावराच्या खांद्यावर कोण जू ठेवतं?"

तिकडे पोळा नसतो, असं मास्तरांनी चाचरत सांगितलं. पाटलांचा आवाज राग आला की चढत नसे, खाली जाई. तो आता पार तळाला गेला.

"वर्सभर वढायचं जनावरानं, आन त्याला एक दिस बी न्हाई? असल्या मालकाची पोथी ऐकून राह्यलो आपण?"

मास्तरांनी पानाकडे पाहिलं. पाटलांकडे पाहिलं. बायकांच्या बाजूला खांबाआडून नंदाच्या लुगड्याचा काठ दिसत होता, तिकडेही पाहिलं. आणि पान न बघताच म्हणाले, "मालक म्हणाला, अरे, आज पोळा. आज जुंपायचं नाही."

देवळाने श्वास सोडला.

"काल खांदेमळणी केल्ती का? खांद्याला तूप चोळलं का?" एकाने विचारलं.

"केली होती. चरबीनं. तिकडे तुपाची टंचाई असते."

"आन आंघोळ?" हे कचरूने विचारलं. "बर्फात?"

"कोमट पाण्यानं," मास्तर म्हणाले. त्यांच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

सगळे खूश झाले. एक माणूस सोडून. मगरिबची, दिवेलागणीची नमाज आटोपून सिराजोद्दीन मुन्शी रोज येऊन देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसत आणि आपलं पुस्तक दुसऱ्याच्या तोंडून ऐकत. त्यांनी चष्म्यावरून मास्तरांकडे एकदा पाहिलं, आणि दाढी कुरवाळत ते मुकाट्याने निघून गेले.

खोटं तसं लहान होतं, एका दिवसाच्या सुट्टीएवढं. पण नदी सुट्टी घेत नाही. पुस्तकातला मालक त्या दिवशी नदी ओलांडून पलीकडे गेला होता. मास्तरांचा मालक पुरण खाऊन अलीकडेच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी बर्फ फुटला. आता पुढची सगळी हकिगत पलीकडे, आणि गाडी अलीकडे. पलीकडे भेटणारे लांडगे मास्तरांना कसेबसे उचलून अलीकडे आणावे लागले. लांडगे आले तसं त्यांना जंगल लागलं, जंगल आलं तशी वाट चुकावी लागली. हळूहळू पुस्तकातलं एकही पान मास्तरांच्या गोष्टीला ओळख दाखवेना. तरी ते रोज पान उलटत, रीत म्हणून.

"मास्तर," कचरू एकदा म्हणाला, "काळं कुत्रं परवा लांडग्यानं खाल्लं ना? मंग आज ते गाडीला कसं?"

"हे दुसरं काळं."

"दुसरं कव्हा आल्तं?"

"तू मध्ये पाणी प्यायला गेला होतास तेव्हा."

खांबाआडून कुणीतरी हसू दाबलं. ते नंदाचं होतं हे मास्तरांनी ओळखलं, आणि ती हसली याचा त्यांना आनंद होण्याऐवजी धसकाच बसला. कारण ती कशाला हसली हे पाटलांना कळलं असतं, तर सुपारी जागच्या जागी राहिली असती.

दसरा जवळ आला तेव्हा पाटलांनी मास्तरांना वाटेत गाठलं.

"समाप्तीला पाव्हणे सांगितलेत. तुमचे मामा बी येऊन राह्यलेत. बाकी समदं बराबर हाय. एकच सांगतो, दिल्याच्या जिवाला काय होऊ नये."

"आणि झालं तर?"

"पोथीत मढं पडलं आन तिथंच सुपारी फोडली, असं आमच्या घरात व्हायचं न्हाई. मंग तुम्ही तुमच्या वाटेनं, आम्ही आमच्या."

पुस्तकाच्या शेवटी दिलेर मरत होता. मालकाला वाचवताना लांडग्यांच्या म्होरक्याच्या नरडीला लागून, भर बर्फात, बिलकुल शंका न ठेवता मरत होता. त्याला वाचवणं अवघड नव्हतं; इतके दिवस मास्तरांनी नदीसुद्धा हलवली होती. अवघड होते ते पायरीवर बसणारे मुन्शी. मास्तर तसेच त्यांच्या घरी गेले.

"मुन्शीजी, दसऱ्याला दिलेर मरणार नाही."

"किताब में तो मरता."

"मला माहीत आहे."

"पोळे के दिन कुत्तों को नहलाए, मैं चुप बैठा. लांडगों को नदी के इस तरफ लाए, चुप बैठा. लेकिन मास्टरसाब, मौत तो मौत है. उसको फिराने का हक ना तुमको है, ना मेरेको."

"माझं लग्न अडलंय हो."

"मालूम है. गाँव को मालूम है." मुन्शींनी पानाचा डबा पुढे सरकवला. "देखो, अपने से होके मैं कुछ नै बोलूँगा. पन कोई पूछा, तो झूट भी नै बोलूँगा. सारी उमर कचेरी में लोगाँ के हलफनामे, कसम के कागज, लिखा मैं."

"कुणी विचारणार नाही."

"पाटील पूछेंगे," मुन्शी म्हणाले. "पाटील बगैर गवाही के सूरज को भी नै मानते."

दसऱ्याला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मारुतीपुढे ताटात सुपारी, अडकित्ता, नारळ आणि साखर मांडलेली. मामा नवं धोतर नेसून बसलेले. पायरीवर मुन्शी. मास्तरांनी पाणी मागितलं, प्यायले, पुन्हा मागितलं, आणि सुरुवात केली.

शेकोटी विझत आली होती. चहूबाजूंनी लांडगे बसले होते. मालकाचा हात गारठून लाकूड झालेला, काठीसुद्धा धरवत नव्हती. म्होरक्या एक पाऊल पुढे सरकला. आणि दिलेर, कालपासून लंगडणारा, मालकाच्या पायाजवळून उठला. गोजरबाईंनी पदर तोंडाशी धरला. कचरूला कोणतीही शंका सुचली नाही. दिलेर अंधारात गेला, बर्फात झटापट झाली, एक आरोळी आली, आणि मग काहीच ऐकू येईना. उजाडलं तेव्हा लांडगे पांगले होते. मालक रांगत रांगत गेला. पांढऱ्या बर्फावर लाल रक्त, म्होरक्या मरून पडलेला, आणि त्याच्या शेजारी दिलेर. हालचाल नाही.

शेवटच्या पानांवर पुस्तक पुन्हा मास्तरांना भेटलं होतं आणि इथपर्यंत त्यांच्या बरोबर होतं. पुढच्या ओळीला त्यांनी पुस्तकाचा हात सोडला.

"मालकानं हाक मारली," ते म्हणाले, "आणि दिलेरनं मान वर केली."

देवळातून असा हुंकार उठला की कळसावरची पाखरं उडाली. द्वारकाबाई डोळे पुसू लागल्या. पाटलांनी सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली, आणि तशीच धरून ठेवली.

"एक मिनीट. एवढं रगत गेलं, थंडी अशी, आन मान वर केली?" ते पायरीकडे वळले. "मुन्शीजी, किताब तुमची. तुम्ही वाचेल हाय. दिल्या वाचतो का?"

मास्तरांनी मुन्शींकडे पाहिलंच नाही. ते अडकित्त्याकडे पाहत होते. मुन्शी सावकाश उठले, चष्मा काढला, अंगरख्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"पाटीलसाब, मैं जब पढा, तब तो मर गया था."

"मेल्ता?"

"मर गया था. मालक उसको बर्फ में दफनाया. मैं रोया, अब क्या बोलूँ." मग त्यांची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावर गेली, आणि बहुधा त्यांना त्याची कीव आली. "आज इनो पढे, तो उठ के बैठा. ये भी मेरे कान से सुना मैं. झूट कैसा बोलूँ?"

एवढं बोलून ते खाली बसले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पाटलांनी अडकित्ता ताटात ठेवला. उठले. लोकांमधून वाट काढत मास्तरांकडे येऊ लागले. पाटलांचा हात कसा बसतो हे गावात दोघाचौघांना ठाऊक होतं. मास्तरांनी डोळे मिटले आणि गालफड आवळून धरलं. गालाला काही लागलं नाही. पायांना मात्र काहीतरी खरबरीत लागलं. डोळे उघडून पाहतात तर पाटलांचं पागोटं.

"कागदावर छापून आलेलं मरण," पाटील म्हणाले, "नुसत्या वाचेनं माघारी फिरवलं."

"पाटील, उठा. तसं नाही ते. मी आपलं मनानंच..."

"मनानं." पाटलांनी मंडळींकडे पाहिलं. "ऐकलं का? निस्त्या मनानं."

कचरू पुढे आला आणि त्याने लोटांगणच घातलं. काळ्या कुत्र्याचा आता त्याला उलगडा झाला होता. तेही मेलं होतं, आणि महाराजांनी उठवलं होतं.

मास्तरांनी धीर करून विचारलं, "आणि ती सुपारी, पाटील?"

पाटील शरमले. "लाजवू नका महाराज. आम्हाला आधी कळलं न्हाई. असल्या माणसाला आम्ही लेकीच्या दावणीला बांधायला निघाल्तो. प्रपंच करणारे गावात शंभर हायेत." आणि त्यांनी सुपारी अख्खीच्या अख्खी मारुतीच्या पायाशी ठेवली. मामांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांच्याही पाया पडायला कुणीतरी वाकलं, आणि त्यांनी ते मिटलं.

दर्शनाची रांग लागली. गोजरबाईंची म्हैस चार दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. त्या म्हणाल्या, "जास्त न्हाई, निस्तं 'उठून बसली' म्हणा." मास्तर म्हणाले, उठून बसली. त्यांच्यामागे द्वारकाबाई नंदाला घेऊन आल्या.

"पड पाया, नंदे. चांगलं स्थळ मिळू दे म्हण महाराजाला."

नंदा वाकली. वाकल्यावर, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने मास्तरांच्या पायाच्या अंगठ्याला हळूच चिमटा काढला.

"मेलं असतं कुत्रं," ती म्हणाली, "तर मी समजावलं असतं बापाला."

आणि मागचा माणूस खोळंबला होता म्हणून ती उठून बाजूला झाली.