सासऱ्यांनी मागे ठेवलेलं लोढणं

इंडेक्सरावांनी दाढी करता करता ठरवलं, की सासऱ्यांनी घेऊन दिलेले शेअर विकून टाकायचे आणि बायकोला त्यातलं अवाक्षर सांगायचं नाही. (दोन्ही निर्णय एकाच दाढीत घेतले, तिथेच चुकलं.)

इंडेक्सराव पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते. बाजार चढला की सगळ्यांना चहा पाजायचे, उतरला की स्वतःचा डबाही उघडायचे नाहीत, म्हणून कचेरीत हे नाव पडलं. गेले चौदा महिने बाजार उतरतच होता आणि त्यांना आता कशातच राम वाटत नव्हता. शेजाऱ्याने गाडी घेतली तर म्हणाले, "छान आहे, पण विकताना किंमत येणार नाही." बायकोने कुंडीत गुलाब लावला तर म्हणाले, "जगेलसं वाटत नाही."

या शेअरांची गोष्ट मात्र वेगळी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी त्यांना शेजारी बसवलं, शाईचं पेन उघडलं आणि जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून अर्ज भरला. जावयाने पिनकोड चुकवला. सासऱ्यांनी काही न बोलता तो खोडला आणि वर बारीक अक्षरात बरोबर लिहिला. पुढे जाड, गुळगुळीत कागदाचं सर्टिफिकेट आलं, कोपऱ्यात कारखान्याच्या धुराड्याचं चित्र. तेव्हा भाव दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचा. सासरे भिंगातून तो वाचायचे, "आहे तिथेच आहे," म्हणायचे आणि पान उलटायचे. आता भाव मिनिटामिनिटाला खिशात थरथरत होता.

संध्याकाळी इंडेक्सरावांनी गॅलरीत जाऊन ब्रोकरला फोन लावला. सासरे गेल्यापासून सासूबाई लेकीकडेच राहत आणि त्यांच्या खोलीची खिडकी नेमकी गॅलरीत उघडायची.

"अहो, सासऱ्यांनी मागे ठेवलेलं लोढणं आहे हे," इंडेक्सराव फोनवर म्हणाले. "इतकी वर्षं सांभाळलं. आता दिवसेंदिवस खालीच चाललंय, सुधारायची आशा नाही. उद्या सकाळी काढून टाकू. छे, बायकोला कुठे सांगतोय? रडत बसेल."

सकाळी ते बाहेरच्या खोलीत आले, तर दाराशी बॅग आणि बॅगेशेजारी चपला घालून बसलेल्या सासूबाई. बायकोचे डोळे लाल.

"आई, कुठे निघालात?"

"सकाळीच काढायचं ठरलंय ना? म्हटलं, आपणच वेळेवर निघावं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" (हा प्रश्न विचारायला नको होता.)

"म्हणजे खरंय!" बायको ओरडली.

"खरंय. पण अगं, आता त्यात काही उरलेलं नाही. ठेवून करायचं काय?"

"माझ्या आईत काही उरलं नाही?"

"आईत नाही गं! शेअरांत! बाबांच्या शेअरांत!"

मग बायको पुन्हा रडू लागली, या वेळी शेअरांसाठी. "बाबांचे शेअर विकणार होतात? मला न सांगता?"

सासूबाईंनी चपला काढल्या. बॅग उघडून दोन जोड कपड्यांमध्ये जपून ठेवलेलं सासऱ्यांचं पेन बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. "अर्ज भरला त्या दिवशी हे मला म्हणाले होते, मुलाला पत्ता धड लिहिता येत नाही, पण माझ्या शेजारी तासभर बसला. मुलगी चांगल्या घरी पडली."

इंडेक्सरावांनी तिथल्या तिथे ब्रोकरला फोन केला. "विकायचे नाहीत. हो, भाव कितीही पडू दे. आमच्या घरचे आहेत ते."

मग ते सासूबाईंच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आई, बाजार काय, आज ना उद्या वर येईल. तोवर आपण मिळून सोसू. तुमच्याही नावावर बाबांनी ठेवलेले शेअर आहेतच की."

"होते," सासूबाई म्हणाल्या.

"होते म्हणजे?"

"सव्वा वर्षापूर्वीच विकले. तुम्ही जेवताना म्हणालात ना, आता बाजार खाली येणं शक्यच नाही? दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन विकून आले."

"पण मी तर घ्या म्हणत होतो!"

"हो ना," सासूबाई मायेने म्हणाल्या. "हे जाताना एवढंच सांगून गेले होते, जावई फार खूश दिसले की लगेच विकायचे."