मच्छिंद्रच्या बॅगेचं प्रस्थान

हसनाबादेत कुणाच्या घरी काही अडलं, की लोक दोन जागी जातात. आधी जोशीबुवांकडं, मंग माझ्याकडं. जोशीबुवा मुहूर्त सांगतात, मी तो पाळून घेते! शाळा मी दुसरीपर्यंत शिकले. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, मी ती हातातून ओढून घेतली, तिथंच शिक्षण संपलं. पण पाच लग्नं, दोन घरभरण्या आणि एक विहीर, सगळं मी मुहूर्तावर उरकलंय. मिनिटाचा फरक न्हाई! तवा पोटचं पोरगं परदेशात धाडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं.

२००३ सालची गोष्ट. धाकटा मच्छिंद्र इंग्रजीत एम.ए., वर बी.एड. सहा वर्षं एका शाळेत इंग्रजी शिकवत होता, ते बी बिनपगारी! "अनुदान आलं की पगार सुरू," असं संस्थेवाले दर दिवाळीला सांगायचे. पोराचे केस पिकायला लागले, अनुदान काही निघेना. शेवटी त्यानं पेपरातली जाहिरात वाचून मुंबईत मुलाखत दिली आणि निवड झाली. मालदीव म्हणून देश आहे, तिथल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं!

घरात नकाशा आला. मच्छिंद्रनं त्याच्यावर बोट ठेवलं, तर बोटाखाली सगळं निळं!

"अरे, जमीन कुठं हाय?"

"आई, बारीक बारीक बेटं हायेत. कोणत्या बेटावरची शाळा मिळणार, ते ठरायचंय. ठरलं की मुंबईहून फोन येईल, मंग चार दिवसांत निघायचं."

"दिशा कोणती?"

"दक्षिण."

बस! माझ्यापुरतं ठरलं. बेट कोणतं का असंना, पोरगं दक्षिणेला निघालं!

आता आमच्याकडं कुणी लांब निघालं, की घराघरातून जेवायला बोलावतात आणि टॉवेल-टोपी-नारळ देऊन वाटं लावतात. दहा दिवसांत मच्छिंद्र तेवीस घरी जेवला. एकोणीस टॉवेल आणि तेवढ्याच टोप्या झाल्या. बेटावरच्या सगळ्या मास्तरांना पुरून उरल्या असत्या! शाळेनं बी निरोपाचा कार्यक्रम केला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्याच दुपारी त्याच्या जागी संस्थाचालकाच्या साडूचं पोरगं बसवलं. म्हणजे मागचं दार बंद झालं. राहिलं फक्त पुढचं.

आणि फोन काही येईना!

एक महिना गेला. दोन गेले. मच्छिंद्र फोनपाशी अंड्यावरच्या कोंबडीसारखा बसून राहायचा. स्वतः मुंबईला फोन लावला, की तिकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणायची, "सर, लिस्ट निघते आहे, वेट करा." लिस्ट होती का गोदावरीचं पाणी, कुणास ठाऊक! इकडं गावात तोंड दाखवायची चोरी. चौकात गेला की कुणीतरी खांद्यावर हात ठेवायचं.

"काय मच्छिंद्र, कवा आला परत?"

"अजून गेलोच न्हाई काका."

"अस्सं! मंग आमचं जेवण?"

पिठाच्या गिरणीवर तर बायांनी मलाच धरलं. "गोजरबाई, ते टॉवेल वापरायला काढले का?" मी म्हणलं, "काढले ना! चुगल्या करणाऱ्यांची तोंडं पुसायला ठेवलेत!" बाया आपापल्या डब्यांकडं वळल्या. पण घरी येऊन पाहते, तर पोरगं मागच्या दारानं शेतात चाललेलं, कुणी दिसू नये म्हणून.

मंग मी उठले आणि जोशीबुवांकडं गेले.

बुवांनी पंचांग उलटसुलट केलं. "गुरुवारी सकाळी सहा चाळीसला दक्षिणेचा मुहूर्त हाय. त्याच्यानंतर दीड महिना काही न्हाई."

"पण फोनच आला न्हाई, पोरगं जाईल कुठं?"

"मंग प्रस्थान ठेवा की!"

माझ्या कशी ध्यानात आली न्हाई ही गोष्ट! माणसाला मुहूर्तावर निघता येत नसलं, तर त्याचं सामान मुहूर्तावर घराबाहेर काढायचं आणि त्याच दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला, असं धरायचं. अट एकच. निघालेलं सामान माघारी फिरवायचं न्हाई!

मच्छिंद्रला मी विचारलं न्हाई. तो असल्या गोष्टींना हसतो. गुरुवारी तो झोपेत असताना त्याची नवी निळी बॅग भरली. पायजमे, शर्टं, सहा टोप्या, शेंगदाण्याची चटणी. जुनेपाने कपडे घालून नुसता देखावा करणाऱ्यातली मी न्हाई! कपाटातली त्याची पिवळी फाईल बी मी कपड्यांवर ठेवली, म्हणलं प्रस्थान कसं बिलकुल खरं वाटलं पाहिजे. सहा चाळीसला उंबरा ओलांडला आणि बॅग दक्षिणेच्या घरी, आमिनाकडं नेली.

आमिना, आमच्या टेम्पोवाल्या ख्वाजामियाँची बायको, चुलीपुढून उठली. "भाबी, ये क्या लाये सुबह सुबह?"

"हा मच्छिंद्र हाय असं समज. बराबर सांभाळ."

"अरे, समजना क्या, अपनाच बच्चा है! चाय देऊं क्या बॅगकू?"

इथपर्यंत सगळं झ्याक!

पुढं बारा दिवसांनी, मंगळवारी दुपारी बाराला, फोन वाजला. मच्छिंद्रनं उचलला, 'येस मॅडम, येस मॅडम' केलं आणि ठेवला. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला तो चौथीतला दिसला.

"आई, शाळा मिळाली! पण आज पाच वाजेपर्यंत पासपोर्ट आन् बी.एड.चं सर्टिफिकेट फॅक्स करायचं. न्हाई केलं तर लिस्टमधल्या पुढच्या माणसाला ते बेट!"

तो कपाटाकडं धावला. कपाट उघडलं. बंद केलं. परत उघडलं.

"आई, माझी पिवळी फाईल?"

"झेरॉक्स न्हाई का तुझ्याकडं?"

"झेरॉक्स बी त्याच फाईलीत! कुठं हाय?"

"प्रस्थानात," मी म्हणलं.

कोपऱ्यातून आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. "काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हणलं, "बॅग आमिनाकडं हाय. दोन पावलावर!"

मच्छिंद्र चप्पल न घालता धावला, त्याच्यामागं मी. आणि इथं मला तुम्हाला एक सांगायचं राहिलं. बुवांनी अजून एक नियम सांगितला होता. प्रस्थान एका जागी पाच दिवसांपेक्षा ज्यास्त ठेवायचं न्हाई, पुढं सरकवायचं.

आमिना दारातच होती. "बॅग? वो तो कबकी गई! भाबीनेच बोले, पाँच दिन हो गये, अब जालने भेजो. ये लेके गये ना टेम्पोमें."

मच्छिंद्र माझ्याकडं वळला. "आई?"

"संपतकडं हाय," मी म्हणलं. संपत माझा भाचा, नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला. "जालना म्हणजे काय लांब हाय? फोन लाव!"

घरी येऊन त्यानं लावला आणि माझ्या हातात दिला. तिकडून संपत मोठ्यानं बोलला, साऱ्या घराला ऐकू गेलं. "आत्या, तुम्हीच फोन केल्ता ना! पाच दिवस झाले की अंतरवालीला साळूआत्याकडं धाडून दे, एक दिवस इकडंतिकडं झाला तर तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई म्हनल्या. मी रजा टाकून पोचवली!"

मच्छिंद्र मटकन बाजेवर बसला. साळूबाई माझी धाकटी बहीण. अंतरवाली सराटी म्हणजे जालन्याच्या पुढं अंबड, आणि अंबडच्या बी पुढं! बॅग कशी नेटानं दक्षिणेला चालली होती. माणूस तेवढा हसनाबादेत राहिला होता.

"सहा वर्षं आई," तो हळू आवाजात म्हणाला. "सहा वर्षं फुकट शिकवलं. आन् आता शाळा मिळाली, तर..."

मी पदर खोचला आणि ख्वाजामियाँना हाक मारली.

ख्वाजामियाँनी टेम्पो काढला. "बैठो जल्दी! चार बजे के अंदर पहुँचाता." मी मधे बसले. मच्छिंद्र म्हणाला, "आई, तू कशाला?" मी म्हणलं, "साळू माझ्याशिवाय कुणाला बॅग देणार न्हाई. मीच तिला बजावून ठेवलंय!"

चौकात टेम्पो अडला! सरपंच तातेराव दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे. "निघाला! निघाला रे मच्छिंद्र!" दोन महिने ज्याची वाट पाहिली तो क्षण आला म्हणून अख्खा चौक हॉटेलातून बाहेर आला. हार आला. नारळ आला. विसावा टॉवेल आला! आता ह्यांना काय सांगणार, की पोरगं परदेशी न्हाई, बॅग हुडकायला चाललंय? तातेरावांनी भाषण सुरू केलं. भाषण शिवाजी महाराजांपासून निघालं आणि मालदीवकडं यायचं नावच घेईना. शेवटी मी टेम्पोतून डोकं बाहेर काढलं.

"तातेराव, विमान सुटून राह्यलं!"

"मंग जा जा! आधी न्हाई का सांगायचं!"

तिथं पंधरा मिनिटं गेली. जालन्याला मोंढ्यापाशी धान्याच्या गाड्यांची गर्दी, तिथं वीस. अंबडच्या पुढं बैलगाड्यांची लाईन. ख्वाजामियाँ हॉर्नवर हात ठेवून सगळ्यांना 'हटो मामू, हटो' करत निघाले. सव्वातीनला आम्ही अंतरवालीत साळूच्या अंगणात उतरलो.

आत पाहते तर काय! बॅग बाजेवर, नव्या सतरंजीवर बसवलेली. कपाळाला, म्हणजे कुलपाच्या वर, कुंकू. गळ्यात हार. पुढं पेल्यात दूध. माझ्या पोराचा कधी एवढा पाहुणचार झाला न्हाई!

"आल्यापासून शेजारपाजारच्या बाया येऊन पाया पडतेत," साळू कौतुकानं म्हणाली. "म्हनतेत, आपल्याकडनं बी कुणी परदेशी जावं."

मच्छिंद्र सरळ बॅगेकडं गेला. साळू आडवी आली!

"हात लावू नगंस! माघारी न्यायची न्हाई. अक्का, तूच म्हनलीस, बॅग एक पाऊल मागं फिरली तर पोराचं काम फिरंल!"

"साळू, फॅक्स अंबडला हाय."

"अंबड मागं हाय!"

"मला ठाऊक हाय अंबड कुठं हाय!"

"मंग कशी नेतीस? का तुझा नियम दुसऱ्यांनाच?"

अंगणात सात-आठ बाया जमल्या होत्या. सगळ्या माझ्याकडं बघून राह्यल्या होत्या. उभ्या जन्मात मी मुहूर्त मोडला न्हाई, ही गोष्ट पार अंतरवालीपर्यंत माहीत. मच्छिंद्रकडं पाहिलं. तो घड्याळाकडं बघत होता. त्यानं एकदा बी मला म्हणलं न्हाई, की आई, तुझ्यामुळं झालं.

"साळू, सरक," मी म्हणलं. "नियम बुवाचा हाय, पोरगं माझं हाय!"

दूध सांडलं, हार तुटला, पण बॅग मीच उचलली. शेंगदाण्याची चटणी फाईलभर सांडली होती. पासपोर्टावरच्या फोटोला तिखटाच्या मिशा आल्या होत्या! टेम्पोत मी पदरानं पुसत बसले.

अंबडच्या फॅक्सवाल्याकडं पावणेपाचला कागद मशीनमधे गेला. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. मंग मच्छिंद्रनं तिथूनच मुंबईला फोन लावला.

"येस मॅडम... मिळाला? थँक्यू मॅडम! थँक्यू!"

फोन ठेवून पोरगं रस्त्यातच माझ्या पाया पडलं. ख्वाजामियाँनी डोळे पुसले आणि म्हणाले धूळ गेली. आता तुमच्यापासून काय लपवू? बारा दिवस दर पाच दिवसांनी बॅग पुढं जात होती आणि पोरगं संध्याकाळी घरी जेवायला होतं, ह्याचं मला बरंच वाटत होतं. ते त्या दिवशी संपलं.

मी विचारलं, "मंग कवा निघायचं?"

"शनिवारी मुंबईत हजर व्हायचं. विमान मुंबईहून हाय."

"मुंबईहून? मालदीव तर दक्षिणेला हाय ना?"

"मालदीव दक्षिणेला, आई. मुंबई पश्चिमेला. शुक्रवारी जालन्याहून रेल्वे पकडायची."

घरी फोन करून ह्यांना सांगितलं. ह्यांनी चाळीस वर्षांत मला एकदा बी टोकलं नव्हतं, त्या दिवशी हिशेब चुकता केला. "म्हंजी बॅग अंतरवालीला नेली नसती, तरी चाललं असतं?"

मी फोन ठेवला.

मच्छिंद्रला पोलीस पाटलाच्या दाखल्याची घाई होती, म्हणून ख्वाजामियाँ त्याला घेऊन पुढं गेले. मला साळूचा राग काढायला अंतरवालीत एक मुक्काम करावा लागला; चटणीनं बरबटलेले कपडे धुवायचे म्हणून बॅग बी मी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले, बॅग मांडीवर, पदर नाकापर्यंत. बॅगेच्या कपाळाचं कुंकू काही केल्या निघालं न्हाई. कंडक्टर निरखून बघायला लागला.

"मावशी, बॅगेचं लगीन लावलं का काय? कुठं निघाली ही?"

"निघाली न्हाई रे बाबा," मी म्हणलं, "माघारी आणून राह्यले. जालन्याचं तिकीट दे आन् गप बस!"