मार्थाबाईंना वॉर्ड नको होता

मार्थाबाईंच्या समोर रिकामा हात पुढं करायची सोय नव्हती. केला की त्यात काहीतरी येऊन पडायचंच, तेही चट्‌दिशी आवाज करून. आमचे हे शाळामास्तर. हातवारे केल्याशिवाय यांना बोलताच येत नाही. एकदा सरकारवर तोंडसुख घेताना यांनी हात फैलावला, तर बाईंनी जाता जाता त्यात सांडशी ठेवली. हे सांडशीकडे बघत बसले आणि सरकार बचावलं.

"मागावं लागलं, तर मी कशाला हाय?" हे बाईंचं पालुपद.

त्यांचा तरी काय दोष! उभा जन्म ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून गेलेला. डॉक्टरनं नुसता हात पुढं करायचा, की कात्री म्हणा, चिमटा म्हणा, बाईंनी तळहातावर ठेवलाच. मूळच्या जामखेडकडच्या, पण नोकरी सगळी परमुलखात, मिशनच्या दवाखान्यात. तिथले म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि थिएटरला कुलूप लागलं. नगरला मोठे दवाखाने, म्हणून एक ट्रंक घेऊन बाई आमच्या शेजारच्या खोलीत आल्या. नवरा नाही, मूल नाही. नोकरी मिळाली नाही तर खायचं काय, हा प्रश्न, आणि बाईंचा हट्ट आपला एकच.

"वार्ड न्हाई. थेटर आसंल तर बोला."

अशानं दोन दवाखाने हातचे गेले. तिसऱ्या ठिकाणी मीच बरोबर गेले. म्हटलं, यांच्या तोंडाला कुणीतरी लगाम घालायला हवा. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघायला हात पुढं केला. चष्मा टेबलावरच पडलेला बाईंनी पाहिला. चट्‌! आधी चष्मा हातात. डॉक्टर दचकले, मग खो खो हसले. मी मनात म्हटलं, झालं काम.

"थिएटरला आमची सिस्टर आहे हो," ते म्हणाले. "वॉर्डात जागा आहे. उद्यापासून या."

बाई उठल्याच. मी त्यांना धरून खाली बसवलं, "येतील उद्या," असं परस्पर सांगून टाकलं, आणि टांग्यात बसल्यावर तोंड सोडलं.

"वॉर्डात काय वाघ आहेत का हो?"

"वाघ परवडला, वहिनी." बाई रस्त्याकडं बघत होत्या. "थेटरात मानूस झोपल्यालं आसतं. वार्डात जागं आसतं. पोरी म्हनून हाक मारतं, जीव लावतं. आन् बरं झालं की बोचकं बांधून घरी जातं. त्येला घर आसतंय. मी आपली चादर बदलत ऱ्हाते."

एवढी करारी बाई, आणि आत हे!

दुसऱ्या दिवशी मात्र गेल्या कामावर. पोट कुणाला चुकलंय?

आठवडाभरानं एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, वार्डात एक म्हातारी हाय, राजूरकडची. दवाखान्यातलं आन्न तिला गिळवंना. मऊ भाकरी करून देता का?"

"लागला का जीव?" मी चिडवलं.

"लागला मेला." आणि डोळ्यांना पदर लावला.

मी परातीत पीठ घेतलं.

"जरा जास्तीच्या करा," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या घरी जानार हाय ती. वाट लई लांबची हाय."