न झालेलं पंक्चर

उद्धव धामणकर सर अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत आणि रोज सकाळी दहा किलोमीटर पळत. यातली पहिली गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत होती. दुसरी माहीत नसलेला माणूस त्यांच्या ओळखीत उरलाच नव्हता. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी आपले विश्रांतीतले हृदयाचे ठोके सांगून ठेवले होते. बावन्न.

पळायला लागून दोन वर्षं झाली तेव्हा सरांना एक सिद्धांत सुचला. पोहणं, सायकल, दोरीवरच्या उड्या, जिने चढणं ही सगळी त्यांच्या मते धावण्याची लहान भावंडं होती. ज्याला पळता येतं त्याचं हृदय तयार, फुप्फुसं तयार, मग बाकीचे व्यायाम आपोआप जमतात. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई कॉलनीच्या हॉलमध्ये झुंबाला जात. त्यांना सरांनी सांगितलं की हा एक तास वाया जातोय, त्यापेक्षा पळावं. एकदा येऊन नाचून तरी पाहा, असं बाई म्हणाल्या. त्यावर सर म्हणाले, की वैमानिकाला ऑटो चालवून पाहायची गरज नसते. बाईंनी पुढे वाद घातला नाही. चोवीस वर्षांच्या संसारात त्याही बरंच काही शिकल्या होत्या.

डिसेंबरात मोर्शीच्या एका शाळेतून शकुन मॅडमचा फोन आला. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि एके काळी सरांच्या सहकारी. रविवारी सकाळी दहा वाजता विद्यार्थी आणि पालकांसमोर ‘धावा आणि दमसास वाढवा’ या विषयावर सरांनी बोलावं, अशी त्यांची विनंती होती. सरांनी होकार दिला आणि तिथेच थांबायचं सोडून पुढे म्हणाले, की मी अमरावतीहून सायकलनेच येतो. नुसतं भाषण कशाला, प्रात्यक्षिकच दाखवू. मॅडम इतक्या भारावल्या की त्यांनी फाटकावर फलकच लावून त्याचा फोटो सरांना पाठवला, ‘अमरावतीहून सायकलने येणारे प्रमुख वक्ते’.

सरांकडे सायकल नव्हती. ती त्यांनी पुतण्याची आणली, बारीक टायरांची, झुकून चालवायची. सोबतीला महादेवरावांचा सायकल ग्रुप होता. महादेवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय सदुसष्ट, पोट सुटलेलं. दर रविवारी सहा-सात पेन्शनर घेऊन ते कुठे ना कुठे जात. सर आयुष्यात प्रथमच पन्नासच्या वर किलोमीटर सायकलने चालले आहेत हे कळल्यावर ते म्हणाले, “सर, पयले एक दिवस वलगावपर्यंत चालवून पाहा. मंग मोर्शी.”

“महादेवराव, मी दहा किलोमीटर अठ्ठावन्न मिनिटांत पळतो,” सर म्हणाले. “सायकलला तर चाकं आहेत.”

हे बिनतोड होतं. महादेवरावांनी त्यांचं नाव यादीत लिहून घेतलं.

रविवारी साडेपाचला, अंधार असतानाच मंडळी निघाली. पहिले वीस किलोमीटर सर सगळ्यांच्या पुढे होते. मध्येच मागे येऊन ते मनगटावरचं घड्याळ एकेका पेन्शनरला दाखवत आणि माझे ठोके बघा किती कमी आहेत, असं सांगून पुन्हा पुढे जात. पेन्शनर कौतुकाने मान हलवत आणि पायडल मारत राहत.

तिसाव्या किलोमीटरला सरांच्या मांड्या भरून आल्या. आश्चर्य म्हणजे दम अजिबात लागला नव्हता. श्वास नियमित, ठोके शिस्तीत. हृदय आणि फुप्फुसं मोर्शीला निघाली आहेत, एवढं फक्त मांड्यांना कोणी कळवलं नव्हतं. चाळिसाव्या किलोमीटरपासून सीट बोचू लागली. पळताना माणूस कशावर बसलेला नसतो, ही साधी बाब सरांच्या सिद्धांतातून सुटली होती. एकेक पेन्शनर त्यांना मागे टाकून गेला. महादेवराव मात्र रेंगाळले, तेव्हा सरांनी त्यांनाही पुढे पाठवलं. आपल्याला संत्र्याच्या बागांचे फोटो काढायचे आहेत, असं कारण दिलं.

मोर्शी आठ किलोमीटर उरली असताना एका फाट्यावर मांड्यांनी काम पूर्ण थांबवलं. सर कसेबसे उतरले आणि सायकलीलाच धरून उभे राहिले. समोर गोपालचं पंक्चरचं दुकान होतं. तो लगबगीने बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. मांड्या गेल्या, एवढं खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण सरांनी एकच वापरला.

“पंक्चर.”

गोपालने दोन्ही टायर दाबून पाहिले. “हवा तं फुल हाये, सर.”

“हळूहळू जाते.”

“हळूहळू जाते मंग तं पाहाच लागन,” गोपाल गंभीर झाला. “थे लय वाईट असते.”

त्याने सरांना बाकावर बसवलं, मोर्शीच्या शाळेत त्यांचं भाषण आहे हे ऐकून चहा सांगितला आणि मागचं चाक खोललं. सरांना तेवढंच हवं होतं. दहा मिनिटं बसायला मिळालं की पाय परत येतील, असा त्यांचा हिशोब होता. पण गोपाल मनापासून काम करणारा निघाला. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडा आला नाही. दुसऱ्या एखाद्याने पंक्चर नाही म्हणून हात झटकले असते. एवढा शिकलेला माणूस आहे म्हणतो तर असणारच, या श्रद्धेने गोपालने आणखी हवा भरली आणि पुन्हा बुडवली. तिसऱ्या वेळी त्याने वाल्व्ह पिळून पाहिला. वाल्व्ह मुळासकट त्याच्या हातात आला.

गोपालने तो तुकडा मुठीत झाकला. मग सरांकडे न बघता म्हणाला, “सापडलं, सर. वाल्व्हपाशीच होतं.”

नसलेलं पंक्चर सापडलं होतं. पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार? “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले.

इतकी बारीक ट्यूब गोपालकडे नव्हती, ती मोर्शीलाच मिळाली असती. त्याने संत्र्याचा एक टेम्पो हात दाखवून थांबवलाही. टेम्पोत क्रेटवर बसून आपण त्या फलकाखालून आत जातोय, हे दृश्य सरांच्या डोळ्यांसमोर आलं. शिवाय त्यांच्या मनात एकाएकी उजेड पडला होता. सायकल बिघडली होती, खरोखर बिघडली होती, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. उरलं होतं आठ किलोमीटर अंतर, आणि तो तर त्यांचा रोजचाच विषय.

“मी पळत जातो,” ते म्हणाले.

टेम्पोवाल्याने गोपालकडे पाहिलं. गोपालने अपराधी चेहऱ्याने चाक परत बसवून दिलं.

पहिला किलोमीटर सरांना आपले पाय कोणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटले. साडेतीन तास गोल फिरलेल्या पायांना सरळ पडायचं आठवेना. मग हळूहळू लय सापडली. एका हाताने सायकल ढकलत, बसलेल्या मागच्या टायरचा फटफट आवाज करत, दहा वाजून पंचवीस मिनिटांनी सर शाळेच्या फाटकातून पळत आत शिरले. पेन्शनर मंडळी केव्हाच पोहोचून, पोहे खाऊन पहिल्या रांगेत बसली होती.

सायकल बिघडली म्हणून वक्ते पळत आले, हे मॅडमनी माइकवरून सांगताच टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांनी घात केला. सर चाळीस मिनिटं बोलले. सायकल थांबली पण धावणारा थांबला नाही, असं म्हणाले. पंक्चर झालं नसतं तर असाच परतवाड्यापर्यंत गेलो असतो, असंही म्हणाले. महादेवराव खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. ती त्यांनी बराच वेळ बांधली.

सर खाली बसतात न बसतात तोच फाटकापाशी मोटारसायकल थांबली आणि नवी ट्यूब हातात धरून गोपाल आत आला. संकटात वक्त्यांना मदत करणारा हाच तो, हे कळल्यावर मॅडमनी त्याला स्टेजवर बोलावलं, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. नको नको म्हणत गोपालने माइक धरला.

“मी सरची माफी मागाले आलो,” तो म्हणाला. “सरच्या सायकलीत पंक्चर नव्हतंच. तीनदा पान्यात बुडवली ट्यूब, एक बुडबुडा नाई आला. वाल्व्ह माह्या हातानं तुटला अन् मी खोटं बोललो का सापडलं म्हनून. माह्यापायी सरले आठ किलोमीटर पळा लागलं. सर एका शब्दानं बोलले नाई मले.”

सभा हेलावली. एका पालकाने डोळे पुसले. सरांनी क्षमाशील चेहरा करून हात वर केला आणि सगळं इथेच मिटलं असतं. पण आठवीतली खुशी उभी राहिली. विज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारत जा, असं तिला मॅडमनीच शिकवलं होतं.

“सर, पंक्चर नव्हतं तं तुमी थांबले काहून होते?”

सरांनी सवयीने घड्याळ पाहिलं. खुर्चीत बसल्या बसल्या एकशे बेचाळीस ठोके पडत होते. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, गोपालकडे पाहिलं. तो तर खऱ्या उत्सुकतेने त्यांच्याकडे बघत होता. ते बिचकत माइकपाशी गेले.

“मांड्या गेल्या होत्या,” सर म्हणाले. “दम होता. मांड्यांत जोर नव्हता. पळायचे पाय वेगळे असतात आणि सायकलचे वेगळे. हे मला आज कळलं.”

हे वाक्य मुलांनी वहीत लिहून घेतलं. चाळीस मिनिटांतलं एक अक्षरही त्यांनी आधी लिहिलं नव्हतं. महादेवरावांनी पहिली टाळी वाजवली आणि या वेळच्या टाळ्या बऱ्याच लांबल्या. सरांना हलकं वाटलं, अगदी बरं वाटलं. आता जेवावं, मॅडमच्या ओळखीतली एखादी गाडी पाहावी आणि घर गाठावं, असा विचार करत ते स्टेजवरून एकेक पायरी उतरले.

खाली गोपाल उभा होता. तेवढ्या वेळात त्याने नवी ट्यूब टाकली होती, चेनला तेल दिलं होतं, सायकल पुसून लख्ख केली होती. महादेवरावांनी हेल्मेट चढवलं होतं आणि पेन्शनर आपापल्या सायकलीवर बसून थांबले होते. अमरावतीहून सायकलने आलेल्या पाहुण्यांना निरोप द्यायला मुलंही फाटकापर्यंत दोन रांगांत उभी राहिली होती.

“घ्या सर,” गोपाल म्हणाला. “अमरावतीपर्यंत काईच होत नाई आता. माही गॅरंटी.”

सरांनी सीटकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी मोठ्या आशेने मागचं टायर दाबून पाहिलं. ते दगडासारखं टणक होतं.