द्राक्षांवाचून सहा वाइनरी

कोणताही कागद दुसऱ्या कागदापासून जन्मतो. पहिला कागद कोणी लिहिला हे कुठल्याच कचेरीला ठाऊक नसते आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही. मस्कतच्या रुवी भागातल्या ज्या पर्यटन कचेरीत जयप्रकाश मांजरेकर अकरा वर्षे नोकरीला होता, तिथली माहितीपत्रके याच पद्धतीने तयार होत. परदेशी कंपनीचे पत्रक घ्यायचे, त्यांच्या गावाच्या जागी आपले गाव घालायचे, आणि चित्रात उंट नसेल तर एक उंट घालायचा.

२०१४ सालच्या मे महिन्यात जयप्रकाशने ओमानच्या दक्षिणेकडल्या सलालाहचे पत्रक असेच सिद्ध केले. मूळ पत्रक कुठल्याशा गार मुलखातल्या किनाऱ्याचे होते. सलालाहही किनाऱ्यावर. जुलैत तिथे धुके उतरते, भुरभुर पाऊस पडतो, म्हणजे हवाही गार (मस्कतमध्ये तेव्हा डांबर चपलेला चिकटते, त्या मानाने). सगळे जुळले. फक्त मथळा बदलायचा राहिला: ‘थंड किनाऱ्यावरील सहा निवडक वाइनरी’. प्रत्यक्षात सलालाहमधल्या वाइनरींची संख्या शून्य आहे. म्हणजे चूक काही फार नव्हती, अवघी सहाची होती.

ती जुलैत लक्षात आली तेव्हा पुण्याच्या एका वाइन-रसिक मंडळाचे चौदा जण विमानात बसले होते.

जयप्रकाश पत्रक घेऊन अर्बाबकडे, म्हणजे कचेरीच्या मालकाकडे, गेला. मालकाने ते शांतपणे वाचले, उंटाची तारीफ केली आणि सांगितले की तक्रार आली नाही तर उत्तम, आणि एक जरी आली तर व्हिसा खलास. तक्रार येणार नाही, इन्शाल्ला, असेही तो म्हणाला. जयप्रकाशने वादी अदाई वस्तीतल्या आपल्या खोलीवर जाऊन दोन बॅगा भरल्या. एक सलालाहसाठी, दुसरी कायमचे गावी, लांज्याला, परतावे लागले तर.

माणूस सरळ होता. खोटे बोलायचे म्हटले की त्याचे कान लाल होत. वाटेत त्याने ठरवून टाकले की विमानतळावरच खरे काय ते सांगायचे आणि मोकळे व्हायचे.

मंडळाचे अध्यक्ष चंद्रहास दामले हे निवृत्त बँक अधिकारी. नाशिकच्या बाजूच्या सगळ्या वाइनरी पालथ्या घातलेले. पेला नाकाशी नेऊन ते एवढा वेळ डोळे मिटत, की नवख्या माणसाने पाणी शिंपडायला धावावे. चौदांत त्यांच्या सासूबाईही होत्या, गुहागरच्या जयवंतीबाई. घरात एकट्या कशा ठेवायच्या म्हणून आणलेल्या.

विमानतळावर बॅगा मोजण्यात ते सांगणे राहून गेले आणि बस गावाबाहेर पडली. डोंगर हिरवे, वर धुके, रस्त्यात खरेच उंट. चंद्रहासरावांनी काच पुसून विचारले, द्राक्षांच्या वेली कुठे दिसत नाहीत त्या?

जयप्रकाश उठून उभा राहिला. “सर, माझी चूक झाली. इथे द्राक्षं नाहीत.”

चंद्रहासराव सावकाश मंडळाकडे वळले.

“ऐकलंत? द्राक्षांशिवाय.”

त्या एका शब्दात इतका आदर होता, की मागच्या बाकावरच्या दोघांनी वह्या काढल्या. जयप्रकाशने पुन्हा सांगितले की वाइनही नाही. अल्कोहोलविरहित, असे वहीत उतरले. तिसऱ्यांदा त्याने सांगितले की इथे पिण्यासारखे म्हणजे रस्त्याकडेची नारळपाण्याची दुकाने. ‘छोटे, खाजगी उत्पादक’, असे उतरले. (खरे सांगण्याचे एकूण प्रयत्न: तीन. यश: शून्य. कान: नेहमीच्या रंगाचे.)

मग त्याने बस नारळबागांच्या रस्त्याला नेली. पहिले दुकान जैतापूरच्या हुसैनमियाँचे आणि त्यांच्या बायकोचे, खुदेजाबींचे. चंद्रहासरावांनी शहाळे दोन्ही हातांनी धरून गोल फिरवले, भोकातून वास घेतला, डोळे मिटले आणि या उत्पादनाचे वैशिष्ट्य काय, असे मालकांना विचारले.

हुसैनमियाँ तीस वर्षे कोयता चालवत होते. हा प्रश्न त्यांना नवा होता. “नारल हाय, साहेब. पानी हाय. आनिक काय सांगू?”

“निगर्वी माणूस,” असा शेरा पडला.

पहिल्या दुकानातल्या पाण्यात मंडळाला ओल्या दगडाची झाक सापडली. दुसऱ्यात समुद्रावरचा वारा, तोही डावीकडून येणारा. तिसऱ्यात कोणालाच काही सापडले नाही. ते सर्वांत गूढ ठरले. चौथ्यानंतर सभासदांना हलके वाटू लागले. पाचव्यानंतर एक सनदी लेखापाल भर पावसात रस्त्यावर नाचले, आणि सोसायटीतल्या पार्किंगवरून नऊ वर्षे अबोला धरलेल्या दोघांनी एकमेकांच्या गळ्यात पडून त्या जागा परस्परांना देऊन टाकल्या. जयप्रकाश बसच्या पायरीवर बसून पाहत होता. नारळपाण्याने माणसाला चढत नाही हे त्याला कोकणी म्हणून नक्की माहीत होते. तरी त्याने स्वतःचे शहाळे एकदा हुंगून पाहिले.

सहावी वाइनरी सापडेना, म्हणून मंडळ पुन्हा हुसैनमियाँकडेच आले, मागच्या दाराने. तिथे जयवंतीबाईंनी प्रथमच स्ट्रॉ तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “चंद्रहासराव, हे शहाळं आहे.”

सगळे थांबले. पाऊसही थांबल्यासारखा वाटला. जयप्रकाशच्या डोळ्यांपुढे दुसरी बॅग आली, तिची तुटकी चेनसुद्धा दिसली.

“आई,” चंद्रहासराव अत्यंत प्रेमाने म्हणाले, “जीभ घडवावी लागते. तुमची राहून गेली.”

जयवंतीबाई दुकानाच्या फळीपलीकडे खुदेजाबींजवळ गेल्या. दोघींचे गुहागरचे आणि जैतापूरचे पावसाचे बोलणे झाले. मग जयवंतीबाई बोटाच्या पेराने एकेक नारळ ठोकत ढिगाभोवती फिरल्या, चौदा बाजूला काढले, आणि खुदेजाबींनी ते सोलले. पहिल्या घोटानंतर वह्या बाजूला पडल्या. खुद्द चंद्रहासरावांनी डोळे मिटले नाहीत. नुसतेच प्यायले, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. एवढे सरस कसे निवडले, असे त्यांनी विचारले.

“वाजवून,” सासूबाई म्हणाल्या.

‘श्रवणपद्धती’, अशी नोंद झाली.

निघताना अभिप्रायाचे तक्ते भरले गेले. तेरा जणांनी ‘अविस्मरणीय’ लिहिले. चौदाव्यावर वळणदार अक्षरात होते: ‘पाणी गोड. माणसे बरी. त्या मुलाने खरे सांगितले होते, त्याला रागावू नये.’ जयप्रकाशने तो तक्ता खिशात ठेवला आणि तेरा मालकाला दिले. त्याला बढती मिळाली, त्याची त्याला फार लाज वाटली, आणि लाजेपायी त्याने पुढल्या वर्षीच्या पत्रकावर जाड अक्षरांत छापले: ‘येथे वाइन नाही. द्राक्षे नाहीत. साधे नारळपाणी आहे.’

नोंदणी चौपट झाली. एवढ्या ठामपणे जे नाकारले जाते त्यात काहीतरी असणारच, असे लोकांचे म्हणणे पडले. आता कचेरीत रोज फोन येतात. बोलणारी मंडळी सुशिक्षित असतात, ही सगळी हकीकत ऐकून मनापासून हसतात, चंद्रहासरावांची कीव करतात, आणि फोन ठेवण्यापूर्वी हळूच विचारतात, की ते मागचे दार नेमके कोणत्या बाजूला आहे. तुम्ही अर्थात तसे नाही.

(डावीकडे आहे. पण आठवडाभर आधी नाव नोंदवावे लागते.)